डिजिटल ऑसिलेटरमधलं एलियासिंग: वरच्या सप्तकात ही शिट्टी येते कुठून?

करवतीचा_दात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गेले दोन महिने स्वतःचा सॉफ्टवेअर सिंथ (सिंथेसायझर) लिहितोय, एक ऑसिलेटर (मूळ सूर बनवणारा भाग), एक फिल्टर, एक एन्व्हलप, बस्स. खालच्या सुरांत सॉ वेव्ह (करवतीच्या दातासारखी, सरळ चढून एकदम खाली पडणारी) झकास वाजते पण कीबोर्डवर वर वर जायला लागलं की सुराच्या मागे एक वेगळीच शिट्टी ऐकू येते आणि गंमत म्हणजे पिच बेंडने सूर वर नेला की ही शिट्टी खाली येते!! सूर वर चाललाय आणि हे भूत जिना उतरतंय.

कोड अगदी साधा आहे, फेज (आवर्तनात आपण कुठवर आलो ते) ० ते १ फिरते, दर सॅम्पलला फ्रीक्वेन्सी भागिले सॅम्पल रेट एवढी वाढवतो, १ झाली किंवा वर गेली की १ वजा करतो, आउटपुट म्हणजे दोन गुणिले फेज वजा एक. सॅम्पल रेट ४४१००. याला एलियासिंग म्हणतात एवढं शोधून कळलं म्हणून पुढे १८ हजार हर्ट्झचा कडक लो-पास लावला, तर शिट्टी जशीच्या तशी. माझ्या फिल्टरमध्ये बग आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शून्यछेद

फिल्टर निर्दोष आहे हो, तुमचं बैल गेला आणि झोपा केला असं झालंय. एलियासिंग ऑसिलेटरच्या त्या एका ओळीतच होऊन जातं, नंतर कितीही फिल्टर लावा, शिट्टी आता ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच येऊन बसली आहे, तिला खऱ्या सुरापासून वेगळं कसं काढणार?

आकडे घालून बघू म्हणजे कळेल. ३५२० हर्ट्झचा सूर घ्या. सॉमध्ये सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा फ्रीक्वेन्सीचे सूर) असतात, दुसरा मूळ सुराच्या निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, असं करत कधीच न संपणारे. ४४१०० ला नायक्विस्ट (सॅम्पल रेटच्या निम्मी मर्यादा, तिच्या वरचं काही मावत नाही) २२०५०, म्हणजे सहावा हार्मोनिक २११२० वर, इथवर सगळं ठीक. सातवा २४६४० वर जायला हवा, पण तिथे जागाच नाही, मग तो आरशात दिसल्यासारखा उलटून, म्हणजे फोल्ड होऊन, ४४१०० वजा २४६४० म्हणजे १९४६० वर येतो. आठवा १५९४०, नववा १२४२०, दहावा ८९००, अकरावा ५३८०, आणि बारावा १८६० वर!! मूळ सूर ३५२० चा आणि त्याच्याही खाली १८६० ला काहीतरी वाजतंय, मूळ सुरापेक्षा जेमतेम २२ डीबी खाली. खालच्या बाजूला असल्यामुळे त्याला झाकायला काही नाही, कान ताबडतोब पकडतो. हीच तुमची शिट्टी.

आणि ती खाली का उतरते ते पण यातच आलं, तिची फ्रीक्वेन्सी ४४१०० वजा १२ गुणिले सूर. सूर एक हर्ट्झ वर गेला की ती बारा हर्ट्झ खाली. तेरावा हार्मोनिक मात्र ४४१०० च्या पलीकडे जाऊन १६६० वर पडतो आणि तो सुराबरोबर वर जातो. म्हणजे भुतं दोन आहेत, एक जिना उतरतंय, एक चढतंय, मध्ये एकमेकांना भेटतात.

करवतीचा_दात

दंडवत! आत्ता स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून बघितला, १८६० आणि १६६० दोन्हीकडे काठ्या उभ्या आहेत. चढणारं भूत मला ऐकूच आलं नव्हतं, आता कान उघडले आणि फक्त तेच ऐकू येतंय. उपाय काय मग?

धोपटमार्गी

एवढं कशाला डोकं लावायचं, ८ पट ओव्हरसॅम्पल करा (म्हणजे ८ पट सॅम्पल रेटला वाजवा) आणि चांगल्या फिल्टरने खाली आणा, विषय संपला. आजकाल सीपीयू रिकामेच बसलेले असतात.

खर्जातली

धोपटमार्गी, विषय संपत नाही ना. सॉचे हार्मोनिक सप्तकामागे फक्त ६ डीबीने उतरतात, त्यामुळे सॅम्पल रेट दुप्पट केला की खालच्या पट्टीतली शिट्टी साधारण ६ डीबीनेच कमी होते. वरचंच उदाहरण घ्या, दुप्पट म्हणजे ८८२००, आता पंचविसावा हार्मोनिक ८८००० वर आणि तो फोल्ड होऊन २०० हर्ट्झवर, मूळ सुराच्या २८ डीबी खाली. आधी २२ होतं, आता २८. शिवाय चोविसावा पडतो ३७२० वर, खऱ्या सुराला चिकटूनच! ८ पट केलंत तरी शंभरावा हार्मोनिक ८०० हर्ट्झवर येतो, ४० डीबी खाली. आठ पट काम करून ४० डीबी, आणि एका वेळी १६ सूर वाजवा मग बघू सीपीयू किती रिकामा राहतो.

ओव्हरसॅम्पलिंग वाईट नाही, पण नाइव्ह, म्हणजे काहीच दुरुस्ती न केलेल्या, सॉवर एकटं लावणं म्हणजे गळक्या छताखाली बादली मोठी करणं.

अवांतर: टेस्ट करताना १००, ४४१, ४४१० असले गोल सूर घेऊ नका हं. ४४१०० ला त्यांनी पूर्ण भाग जातो त्यामुळे फोल्ड झालेलं सगळं बरोब्बर खऱ्या हार्मोनिकवरच जाऊन पडतं आणि वाटतं की वा, आपला ऑसिलेटर स्वच्छ आहे. मी एकदा आठवडाभर १०० हर्ट्झवर टेस्ट करून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ४४० ला भाग जात नाही, तिथे शंभरावा हार्मोनिक १०० हर्ट्झवर येऊन बसतो. सगळ्यात उत्तम म्हणजे खालून वरपर्यंत सावकाश स्वीप करायचा आणि स्पेक्ट्रोग्राम बघायचा, खरे हार्मोनिक वर चढताना दिसतात आणि भिंतीला आपटून परत फिरलेल्या रेषा भुतांच्या.

तारषड्ज

मला या चर्चेचं नवल वाटतंय. माझ्या सिंथमध्ये ते पॉलिब्लेप का काय एलियासिंग कमी करायची युक्ती म्हणतात ते नाही, टेबल नाही, ओव्हरसॅम्पलिंग नाही, काही म्हणजे काही नाही, आणि शिट्टी पण नाही. आत्ता ३५२० लावून ऐकलं, एकदम स्वच्छ. फेज १ झाली किंवा वर गेली की ० करायची, इतकं सोपं आहे. उगाच बागुलबुवा केलाय.

शून्यछेद

तारषड्ज, एक मिनिट. फेज ० करता? की १ वजा करता?

तारषड्ज

० करतो. फरक काय पडतो, तसंही पुन्हा सुरुवातच करायची आहे.

शून्यछेद

हाहा, सापडलं. राव, तुमचा सिंथ ३५२० वाजवतच नाहीये. ४४१०० भागिले ३५२० म्हणजे साडेबाराच्या किंचित पुढे, एका आवर्तनाला १२.५३ सॅम्पल. तुम्ही ० केलंत की दर वेळी तेराव्या सॅम्पललाच नवं आवर्तन सुरू होतं, आवर्तन कायमचं १३ सॅम्पलचं, म्हणजे सूर ३३९२ हर्ट्झ. तब्बल ६४ सेंट खाली (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर), अर्धस्वराच्या निम्म्यापेक्षा जास्त! आणि आवर्तन पूर्ण सॅम्पलचं झाल्यामुळे वर खर्जातली यांनी सांगितलं तेच होतं, सगळी भुतं खऱ्या हार्मोनिकच्या मागे लपतात. शिट्टी नाही कारण सूरच बदलून घेतलाय. ट्यूनर लावून बघा.

तारषड्ज

.....

ट्यूनर लावला. बरोबर आहे तुमचं. आणि वरच्या सुरांत प्रत्येक स्वर वेगवेगळ्या मापाने कणसूर आहे. म्हणूनच इतके दिवस सगळे म्हणत होते तुझा लीड काहीतरी वेगळाच वाटतो, मी ते कौतुक समजत होतो.

करवतीचा_दात

😂 तारषड्ज, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यामुळे माझी एक शंका फिटली. पण शून्यछेद, तुम्ही पॉलिब्लेपबद्दल लिहा ना, सगळीकडे नाव दिसतं पण समजेल असं काही सापडलं नाही, मी एके ठिकाणचा कोड उचलून चिकटवला होता पण समजत नसलेला कोड ठेवायला मन धजावत नाही.

शून्यछेद

लिहितो, जरा लांबेल.

तारषड्जांच्या बगमध्येच त्याचं मर्म आहे. सॉची खाली पडणारी उडी जवळजवळ कधीच नेमकी सॅम्पलवर होत नाही, दोन सॅम्पलच्या मध्ये कुठेतरी होते, कधी मागच्याला खेटून, कधी पुढच्याला. फेज ० केली की ही माहिती कायमची फेकली जाते. १ वजा केलं की ती फेजमध्ये शिल्लक राहते, सूर बरोबर लागतो, पण आउटपुटमध्ये तिचा उपयोग कोणी करत नाही, उडी आपली पूर्ण ताकदीने सॅम्पलच्या रेषेवर झाल्यासारखी दिसते, दर आवर्तनाला थोडी लवकर किंवा थोडी उशिरा. ही जी दर वेळची चुकामूक आहे ना, तीच शिट्टी म्हणून ऐकू येते.

आता उडी झाल्यानंतरच्या पहिल्या सॅम्पलला फेज भागिले डीटी करून बघा (डीटी म्हणजे फ्रीक्वेन्सी भागिले सॅम्पल रेट), उत्तर येतं ते उडी किती सॅम्पलपूर्वी झाली, ०.३ की ०.९. फुकटात मिळालेली माहिती आहे ही. पॉलिब्लेप एवढंच करतो की ती वापरून उडीच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक अशी दोनच सॅम्पल थोडी सरकवतो, जणू उडी कड्यासारखी नसून छोट्या उतारासारखी होती.

फेज डीटीपेक्षा कमी असेल तर:
क्ष = फेज ÷ डीटी
दुरुस्ती = २क्ष − क्ष² − १

फेज (१ − डीटी) पेक्षा जास्त असेल तर:
क्ष = (फेज − १) ÷ डीटी
दुरुस्ती = क्ष² + २क्ष + १

एरवी दुरुस्ती = ०

आउटपुट = २ × फेज − १ − दुरुस्ती

ताळा करून बघा, उडीच्या अगदी आधी साधा सॉ १ आणि दुरुस्ती १, उत्तर ०. उडीच्या अगदी नंतर सॉ उणे १ आणि दुरुस्ती उणे १, उत्तर परत ०. म्हणजे उडी बरोब्बर सॅम्पलवर आली तर आउटपुट मधोमध. बाकी सगळ्या आवर्तनभर काहीच करायचं नाही म्हणून इतकं स्वस्त पडतं.

थोडा इतिहास, उडीऐवजी मुळात बँडलिमिटेड (नायक्विस्टच्या वर काही नसलेला) पल्स बनवून त्याची बेरीज करायची ही कल्पना स्टिल्सन आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडली, ब्लिट म्हणतात ते. ब्रँटने २००१ मध्ये मिनब्लेप आणलं, त्यात आधीच बनवून ठेवलेली बँडलिमिटेड उडी टेबलातून वाचून मिसळतात. पॉलिब्लेपमध्ये टेबलाच्या जागी वरची दोन छोटी बहुपदं आली, व्हॅलिमाकी आणि हुओविलाइनेन यांचा २००७ चा लेख त्यावरचा.

फायदा किती? गणित केलं तर दोन सॅम्पलचा पॉलिब्लेप म्हणजे त्रिकोणी आकाराच्या फिल्टरमधून सॉ आधी काढून मग सॅम्पल केल्यासारखं आहे. या फिल्टरचे शून्य (जिथे तो काहीच जाऊ देत नाही) बरोबर सॅम्पल रेटच्या पटीत येतात, आणि सगळ्यात त्रासदायक भुतं, म्हणजे खालच्या सुरात फोल्ड होणारी, तिथूनच येतात. त्या बाराव्या हार्मोनिकची १८६० ची शिट्टी २२ डीबी खाली होती ती थेट ७६ च्या आसपास जाते. ८ पट ओव्हरसॅम्पलिंगने जे जमलं नाही ते चार ओळींत!

आता दोष. नायक्विस्टच्या जवळची भुतं तितकी मरत नाहीत, १९४६० वरचं फक्त १० डीबीने कमी होतं. आणि खरे हार्मोनिक पण वरच्या टोकाला थोडे दबतात, १० हजारला दीड डीबी, नायक्विस्टला जवळपास ८. म्हणून माझं मत असं की पॉलिब्लेप अधिक फक्त दुप्पट ओव्हरसॅम्पलिंग, मग जे काही ऐकू येणाऱ्या पट्ट्यात परत येऊ शकतं ते सगळं पॉलिब्लेपमुळेच किमान २१ डीबीने कापलं जातं आणि वरचा दबलेपणा पण जवळपास जातो. धोपटमार्गींचा मान राहतो तो असा 🙂

धोपटमार्गी

मान राखल्याबद्दल धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

जुनी_चिप

रच्याकने, धोपटमार्गींचा मार्ग खरंच कुणी टोकापर्यंत नेला असेल तर १९८२ च्या कमोडोर ६४ मधल्या सिड चिपने. २४ बिटांचा फेज अ‍ॅक्युम्युलेटर आणि तो दर क्लॉकला पुढे सरकणार, क्लॉक जवळपास १० लाख हर्ट्झ. काहीही दुरुस्ती नाही, नुसता नाइव्ह सॉ, पण इतक्या वर फोल्ड होतो की ३५२० च्या सुराला कानापर्यंत परत येणारे हार्मोनिक २८४ च्या आसपासचे, ४९ डीबी खाली. मजा म्हणजे त्याचं इम्युलेशन ४४१०० ला करायला गेलं की लोक तोच ऑसिलेटर थेट खालच्या रेटला चालवतात आणि मूळ चिपमध्ये नसलेली शिट्टी निर्माण करतात, वर म्हणतात अस्सल जुना आवाज!

करवतीचा_दात

सॉला लावला, भूत गेलं!!! मग उत्साहाच्या भरात स्क्वेअरला (चौकोनी वेव्हला) पण लावला तर आवाज आधीपेक्षा भयानक, मीटरवर शिखरं जवळजवळ दुप्पट दिसताहेत. स्क्वेअरला दोन उड्या म्हणून फेजची एक दुरुस्ती आणि अर्धं आवर्तन सरकवलेल्या फेजची दुसरी, दोन्ही मिळवल्या.

खर्जातली

दोन्ही मिळवायच्या नाहीत. एक उडी वर जाणारी, एक खाली पडणारी. वरची मिळवा, खालची वजा करा. तुम्ही खाली पडणाऱ्या उडीला उलटी दुरुस्ती दिलीत म्हणून कडा बोथट व्हायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना टोकं निघाली, १ च्या जागी २. पहिल्यांदा करणारा प्रत्येक माणूस ही चूक करतोच. पल्सची रुंदी बदलायची असेल तर अर्ध्याच्या जागी ती रुंदी घाला, फक्त रुंदी डीटीच्या दुपटीपेक्षा बारीक होऊ देऊ नका, दोन दुरुस्त्या एकमेकींवर चढतात.

आता माझ्या आवडीचं. मला स्वतःला पॉलिब्लेपपेक्षा वेव्हटेबल (एका आवर्तनाच्या किमती आधीच साठवून त्या वाचत जायचं) पटतं, कारण कुठलाही आकार चालतो, नुसते सॉ स्क्वेअर नाहीत. २०४८ सॅम्पलचं टेबल, त्यात जास्तीत जास्त १०२४ हार्मोनिक, एफएफटी करून (आकार हार्मोनिकांत मोडून) वरचे शून्य करायचे, परत उलटं फिरवायचं. बहुतेक जण सप्तकाला एक टेबल करतात आणि तिथेच फसतात, सप्तकाच्या वरच्या सुराला बरोबर असलेलं टेबल खालच्या सुराला वाजवलं की ११ हजारच्या वर शांतता, सूर वर चढता चढता टेबल बदललं की आवाज एकदम उजळतो. युक्ती अशी की हार्मोनिक नायक्विस्टच्या थोडे वर जाऊ द्यायचे, २४१०० पर्यंत. ते फोल्ड होऊन २०००० च्या वरच पडतात, कुणाला ऐकू येतात? एवढी सूट घेतली की दर तीन अर्धस्वरांना एक टेबल पुरतं, २० हजारपर्यंत काही हरवत नाही आणि त्याच्या खाली एकही भूत नाही. दहा सप्तकांना ४० टेबलं, प्रत्येकी ८ किलोबाइट, म्हणजे ३२० किलोबाइट. वाचताना दोन सॅम्पलमधली किंमत काढायला नुसत्या लिनिअर इंटरपोलेशनवर भागवलंत तर मात्र वेगळाच खरखराट मिळेल, चार बिंदूंचं तरी करा.

शून्यछेद

+१, स्थिर आकारासाठी वेव्हटेबलला तोड नाही. पण हार्ड सिंक (मास्टर ऑसिलेटरचं आवर्तन संपलं की स्लेव्ह ऑसिलेटर मध्येच तोडून पुन्हा सुरू करायचा) आला की ते हात वर करतं, टेबल कितीही स्वच्छ असलं तरी मास्टरने मध्येच तोडलं की नवी उडी तयार होते जी टेबलात नव्हतीच. तिथे परत ब्लेपच लागतो, आणि या वेळी उडीची उंची दर वेळी वेगळी. तोडण्यापूर्वीची किंमत वजा तोडल्यानंतरची, त्याच्या निम्म्याने दुरुस्ती गुणायची, आणि वेळ मास्टरच्या फेजवरून काढायची, स्लेव्हच्या नव्हे. पॉलिब्लेपला उडीच्या आधीचं सॅम्पलही बदलावं लागतं, सिंकमध्ये आधी कळवणं अवघड म्हणून लोक आउटपुट एक सॅम्पल उशिरा देतात. मिनब्लेपमध्ये ही भानगड नाही, तो फक्त पुढच्या सॅम्पलमध्ये मिसळतो.

धोपटमार्गी

आणि एलियासिंगवरचा आणखी एक उपाय, डीपीडब्ल्यू म्हणतात ते? त्यात तर उडी शोधावी पण लागत नाही.

शून्यछेद

सॉचा वर्ग करायचा, लागोपाठच्या दोन किमतींची वजाबाकी करायची, सॅम्पल रेट भागिले चार फ्रीक्वेन्सीने गुणायचं. दिसायला फार सुंदर. पण खर्जात तो गुणक शेकड्यांत जातो, जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी चारशे पट मोठी केली की दशांशातली घाण पण मोठी होते, आणि पिच अचानक बदलला की त्या एका सॅम्पलला चुकीचा गुणक लागून टिक् ऐकू येतं. स्थिर सुराला छान, सिंथमध्ये मी नाही वापरत.

जुनी_चिप

एक सांगू का, रागवू नका. बेस लाइनमध्ये यातलं काहीच ऐकू येत नाही. ५५ हर्ट्झला ८०० च्या पुढचे हार्मोनिक खाली परत येतात, ५८ डीबी खाली, आणि त्यांच्यावर खरे ४०० हार्मोनिक ओरडत असतात.

खर्जातली

बेस नुसता असेल तर खरं आहे. पुढे रेझोनन्स वाढवून फिल्टर फिरवलात तर तो भुतांना पण उचलतो, आणि डिस्टॉर्शन लावलंत तर तो स्वतःची नवी शिट्टी घालतो, त्याला ऑसिलेटर स्वच्छ असून उपयोग नाही. तिथे मात्र ओव्हरसॅम्पलिंग हवंच.

करवतीचा_दात

स्क्वेअर झाला, वजाचं चिन्ह घातलं आणि सगळं शांत. दुप्पट ओव्हरसॅम्पलिंग पण लावलं. शेवटचा प्रश्न, त्रिकोणी वेव्हला पण पॉलिब्लेप लावू का? त्यात उडी कुठे दिसत नाही.

शून्यछेद

उडी नाही म्हणूनच पॉलिब्लेप चालणार नाही. तिथे उतार बदलतो, किंमत नाही, त्यासाठी ब्लॅम्प नावाचा भाऊ आहे, तीच कल्पना एकदा इंटिग्रेट केलेली. पण घाई करू नका, त्रिकोणाचे हार्मोनिक सप्तकामागे १२ डीबीने पडतात, तुमच्या ३५२० च्या सुरात तेराव्याचं भूत आधीच ४५ डीबी खाली आहे आणि बारावा तर त्यात नसतोच. दुप्पट ओव्हरसॅम्पलिंग आहे ना, आधी ऐकून बघा. पॉलिब्लेप स्क्वेअरचं इंटिग्रेशन करून त्रिकोण काढायचा मोह होईल, पण त्यात डीसी साठत जातो आणि पिच बदलला की उंची डगमगते.

तारषड्ज

इकडची बातमी: ० च्या जागी १ वजा केलं. सूर लागला, आणि हो, शिट्टी आली. आता पॉलिब्लेप घालतोय. पण खरा वांधा वेगळाच झालाय, जुन्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये वरच्या लीडला मी कानाने डीट्यून करून जुळवून घेतलं होतं, प्रत्येक ट्रॅकमध्ये वेगळं. ते सगळे आता उलट्या बाजूने कणसूर वाजताहेत. जुनं वागणं परत आणणारं एखादं बटण ठेवावं की बसून सगळे ट्रॅक दुरुस्त करावेत?

खर्जातली

बटण ठेवा. आणि ते बाय डिफॉल्ट बंद ठेवा.